रिंगणापाशी केलेलं भाषांतर

आमच्या फाउंड्रीत नवं मोल्डिंग मशीन बसवायला जपानहून एक तंत्रज्ञ आला होता. दोन महिने तो बेळगावात होता. पन्नाशीच्या आतला, कमी बोलणारा, पानात वाढलेलं सगळं संपवणारा माणूस. मी तिथं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासते. गेज लावायचं, मोजायचं, पास की नापास ते लिहायचं. माझं इंग्रजी बरं, म्हणून त्याचं म्हणणं कामगारांना आणि कामगारांचं त्याला सांगायचं काम माझ्याकडं आलं. त्याचंही इंग्रजी माझ्यासारखंच होतं, शब्द मोजके आणि वाक्यं तुटकी. त्यामुळं आमचं जमत असावं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मॅनेजर म्हणाले, "पाहुणे सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून असतात, त्यांना कुठंतरी फिरवून आणा." मी माहेरचं नाव काढलं. आमचं गाव खानापूरच्या पुढं, गुंजीच्या अलीकडं, रानाला लागून. तिथं आई आणि अण्णा असतात. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. मी बेळगावला डिप्लोमा करत होते तेव्हा रोज पहाटे गुंजी स्टेशनपर्यंत मला सोडायला अण्णा चालत यायचा, पावसातसुद्धा, आणि गाडी सुटेपर्यंत थांबायचा. हे आधीच सांगते, कारण पुढं मी त्याच्याशी जे वागले ते त्याशिवाय नीट कळणार नाही.

रविवारी मीच गाडी चालवत पाहुण्याला घेऊन गेले. घरी अण्णा नव्हता. आईनं पाहुण्याला पाट दिला, तो मांडी घालून नीट बसला, तेव्हा तिला तो आवडला. जेवण झाल्यावर तो बाहेर हात धुवायला गेला आणि आईनं मला चुलीकडं बोलावलं.

"उद्या जेसीबी येनार हाय," ती म्हणाली. "वरचं शेत सपाट करतोय त्यो. ऊस लावायचाय म्हनं."

"वरचं सगळं? रिंगण पन?"

आई ताटं उचलायला लागली.

वरच्या शेताच्या एका कोपऱ्यात दगडांचं एक रिंगण आहे. गुडघ्याएवढे वीसेक जांभे दगड, काही मातीत गेलेले, आणि मधोमध एक आडवी शिळा. आम्ही लहान असल्यापासून ते तिथंच होतं. कुणी मांडलं, का मांडलं, विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. तिथं गुरं बांधायची नाहीत, आतलं गवत कापायचं नाही आणि पेरणीच्या आधी आईनं शिळेवर दहीभाताचा निवद ठेवायचा, एवढंच ठरलेलं. वडिलांनी नांगर नेहमी त्याला वळसा घालून नेला. अण्णानंही इतकी वर्षं तसाच नेला होता.

पाहुण्याला रान बघायचं होतं. मी त्याला वरच्या वाटेनं नेलं. मला स्वतःलाच ते रिंगण शेवटचं बघायचं होतं, हे खरं कारण.

दगड दिसले आणि तो थांबला. पुढं गेला नाही. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बांधावर ठेवले आणि रिंगणाच्या बाहेर उभा राहून कमरेत वाकला. मी त्याला काहीही सांगितलं नव्हतं. मग त्यानं फोन काढला आणि एक फोटो दाखवला. झाडांनी वेढलेलं मोकळं मैदान, मागं निळसर डोंगर आणि मैदानात नदीतल्या गोट्यांचं एक भलंमोठं वर्तुळ. गोटे शिडीच्या पायऱ्यांसारखे एकापुढं एक मांडलेले.

"माझं गाव," तो म्हणाला. "जोमोन."

जोमोन हे ते वर्तुळ मांडणाऱ्या माणसांना आता दिलेलं नाव. चारेक हजार वर्षांपूर्वी उत्तर जपानात ती राहत होती. शेती जवळपास नव्हतीच. शिकार करायची, मासे धरायचे, रानातली चेस्टनटची फळं गोळा करायची, मातीची भांडी घडवायची. आणि तरी नदीतून एकेक दगड वाहून आणून त्यांनी असली वर्तुळं केली. आपली माणसं तिथं पुरली, तिथंच प्रार्थना केली असावी. नक्की कुणाला ठाऊक नाही. शाळेत असताना तो शनिवारी तिथं पानं झाडायला जायचा. हे सगळं त्यानं तुकड्यातुकड्यांत सांगितलं. एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा माणूस थांबत नव्हता. आमचे दगड तितके जुने नसतील, पण कल्पना तीच असावी, असं म्हणून तो पावलं टाकत रिंगणाभोवती फिरायला लागला. पावलं मोजायचा, छोट्या वहीत आकडे लिहायचा, फोटो घ्यायचा.

शेजारच्या शेतात आमच्या भावकीतला एक चुलतभाऊ हरभरा उपटत होता. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मी हात केला. त्यानं केला नाही. थोड्या वेळानं तो तिथं नव्हता.

आम्ही गाडीपाशी आलो तेव्हा तीन मोटरसायकली वाट अडवून उभ्या राहिल्या. सात-आठ माणसं होती. सगळ्यात पुढं अण्णा. तो खानापूरला जेसीबीवाल्याकडं गेला होता, तिथं त्याला फोन गेला असणार.

"कोन ह्यो?" त्यानं विचारलं.

"आमच्या कंपनीतला पाहुना. आईला फोनवर सांगितलं होतं."

"पाहुना मोजमाप कशाला करतोय?"

चुलतभाऊ म्हणाला, "पावलं टाकून मोजत हुता. वहीत लिवलंय सगळं. फोटो काढल्यात."

एक पंचायत सदस्य होता. त्यानं मला कानडीत विचारलं, "यार्री इवरु, कोण हे? पुरातत्त्व खात्याचे काय?" मी कानडीतच सांगितलं की हे मशीनचे इंजिनिअर आहेत, खात्याशी संबंध नाही. त्याचा विश्वास बसला नाही. मागनं कुणीतरी म्हणालं की एका गावात असंच कुणी तरी येऊन फोटो काढून गेलं आणि नंतर तिथं फलक लागला, आता शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीत विहीर खणता येत नाही. दुसरा म्हणाला, बहिणीनंच आणलाय म्हणजे बघा.

ते वाक्य अण्णानं ऐकलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्याची मान लाल झाली होती. तो गाडीच्या दाराशी आला, मी हातात धरलेली किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली.

"फोटो पुसल्याबिगर गाडी हलायची न्हाय," तो म्हणाला. माझ्याशी तो असा कधी बोलला नव्हता.

मला दोन गोष्टींची भीती एकदम वाटली. एक, परक्या देशाच्या माणसाला इथं काही झालं तर मी फाउंड्रीत काय तोंड दाखवू. दुसरी, अण्णा सात माणसांसमोर उभा आहे, आता तो मागं कसा हटणार.

पाहुण्याला शब्द कळत नव्हते, पण गोष्ट कळली होती. त्यानं फोन दोन्ही हातांनी अण्णापुढं धरला आणि मान झुकवली. मग वही काढून तीही वर ठेवली. अण्णा गोंधळला. त्यानं फोन घेतला, बोटानं एकेक फोटो सरकवत गेला. पाहुणा स्वतः वाकून कुठं दाबायचं ते दाखवत होता. आमच्या दगडांचे फोटो गेले. मग अण्णाचं बोट थांबलं.

"ह्ये आमचं न्हाय."

"ते त्यांच्या गावचं," मी म्हणाले. "जपानमधलं."

फोन हातोहात फिरला. माणसं जवळ सरकली. कुणी तरी म्हणालं, "आयला, शेम रिंगण." आवाज जरा खाली आले. अण्णानं फोन परत घेतला आणि पाहुण्याकडं सरळ बघत मला म्हणाला, "इचार त्याला. सरकारनं घेतली काय ती जागा?"

मी विचारलं. हळूहळू, मला नीट कळावं म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबत पाहुणा म्हणाला: होय, घेतली. गावाजवळ विमानतळ होत होता, त्याला जोडणारा रस्ता तिथनं जाणार होता. खणताना दगड लागले. मग काम बंद झालं आणि रस्ता दुसरीकडनं नेला. माझे वडील त्या रस्त्याच्या कामावर होते. त्यांचं काम गेलं. ते खूप चिडले. मी तिथं झाडायला जातो हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी अजूनही त्या जागेत पाऊल ठेवलेलं नाही.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. अण्णाचा हात खिशातल्या किल्लीवर होता.

मी म्हणाले, "न्हाय म्हणतोय. सरकारनं काय घेतलं न्हाय. गावच्या लोकांनीच राखलंय. लोक बघायला येत्यात, बास."

आणि हसले.

माणसं सैल पडली. पंचायत सदस्यानं पाहुण्याशी हात मिळवला. अण्णानं किल्ली माझ्या हातात दिली आणि वही पाहुण्याला परत दिली. वहीतली पानं त्यानं फाडली नाहीत. परतताना खानापूरचा फाटा आला. तेव्हा पाहुण्यानं विचारलं, "माझ्या वडिलांचं सांगितलंत का त्यांना?"

"हो," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला खरं वाटलं की नाही, मला सांगता येणार नाही. महिन्याभरानं मशीन सुरू झालं आणि तो गेला.

सोमवारी जेसीबी आला होता. अण्णानं शेताचा बाकीचा भाग सपाट करून घेतला आणि रिंगणाचा कोपरा तसाच ठेवला. आईनं फोनवर सांगितलं. मला बरं वाटलं. दुसऱ्याचं म्हणणं सांगताना थोडं खोटं मिसळलं तरी चांगलं होऊ शकतं, असं काहीतरी मी मनाशी म्हणाले असेन.

पुढच्या महिन्यात अण्णाचा फोन आला. ठिबकची पाइप टाकायला तो रिंगणाच्या कडेनं चर मारत होता. हातभर खाली सपाट दगड लागला. तो कुदळीनं उचकटला तर खाली मडकी. आतून काळी, बाहेरून तांबडी, काही फुटलेली, दोन सबंध. हाडांचे तुकडे होते. आणि एक गंजलेलं लोखंड.

"विळा हाय," अण्णा म्हणाला. "मूठ न्हाय, पन विळाच हाय. आपल्यासारखाच." त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. भ्यायलेलाही होता आणि खूशही. "आईनं हळदीकुंकू वाहिलंय. माती परत लोटावी का, का कचेरीत सांगावं? त्यो पाहुना म्हनाला हुता न्हवं, सरकार घेत न्हाय म्हून."

त्या वेळी मला सांगता आलं असतं. फोनवर आम्ही दोघंच होतो, भोवती कुणी नव्हतं. मी हातातलं गेज टेबलावर ठेवलं, परत उचललं.

"बघ तुला काय वाटतंय ते," मी म्हणाले.

अण्णानं खानापूरला जाऊन सांगितलं. स्वतः होऊन, कुणी न विचारता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो फाउंड्रीच्या गेटवर आला. वॉचमननं मला आत निरोप दिला. अण्णा बेळगावात फार येत नाही, आणि कामाच्या ठिकाणी तर कधीच नाही. तो कडुलिंबाखाली उभा होता. हातात एक कागद होता, घडी घालून घालून मऊ झालेला. कानडीतली नोटीस. अण्णाची शाळा मराठी. कानडी तो बोलतो झरझर, वाचतो अक्षर अक्षर लावून. पंचायत सदस्यानं ती त्याला वाचून दाखवली होती. पाहणी होईपर्यंत त्या सर्व्हे नंबरमध्ये कसलीही खोदाई करायची नाही, मशीन घालायचं नाही, असं त्यात होतं. म्हणजे कोपऱ्यात नाही, सबंध शेतात नाही. उसाची लागण तोंडावर आली होती.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचली. वाचायला जितका वेळ लागायला हवा त्याहून जास्त लावला.

"त्या दिवशी त्यो काय म्हनाला हुता? खरं सांग."

मी सांगितलं. रस्ता, काम बंद पडणं, वडील, झाडू, सगळं. पाहुण्याचे शब्द जसे आठवत होते तसे. तिथं ट्रक येत-जात होते, दोनदा मला थांबून परत सांगावं लागलं. अण्णानं मधे एकदाही टोकलं नाही.

"मी त्या मानसाच्या तोंडाकडं बघत हुतो," शेवटी तो म्हणाला. "त्यो सांगत हुता त्यात कायतरी दुखरं हाय, आसं मला वाटत हुतं. तू हासून सांगितलीस. म्हनलं, आपल्याला काय कळतंय."

"तेवढी माणसं होती अण्णा. तुझ्या हातात किल्ली होती."

"व्हय. पन फोनवर कोन हुतं?"

त्यानं कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि बसस्टॉपकडं चालायला लागला. जेवून जा म्हणायचंही मला सुचलं नाही.

त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. फोन आई घ्यायची. मागं अण्णा असला तर मला कळायचं, कारण आई प्रत्येक गोष्ट दोनदा, मोठ्यानं सांगायची. लागणीचा हंगाम गेला. सपाट केलेल्या शेतात गवत वाढलं. भावकीतला तो चुलतभाऊ गावात सांगत फिरला की बहिणीनं जमीन घालवली. मी दोनदा गावी गेले. अण्णा दोन्ही वेळा मी पोचायच्या आधी रानात गेलेला असायचा. दुसऱ्या वेळी मी त्याच्या मागं वर गेले. तो रिंगणाच्या बाहेर बांधावर बसला होता. मला येताना बघून उठला आणि खालच्या वाटेनं निघून गेला. मी तिथंच बसून राहिले. दगडांवर मुंग्या फिरत होत्या.

दिवाळी झाल्यावर पाहणीला खात्याची दोन माणसं आली, शाळेत उतरली. अण्णानं पहिल्या दिवशी त्यांना पाणीही विचारलं नाही, आईनं दिलं. त्यांनी प्रत्येक दगडाचं चित्र काढलं, मडकी आणि विळा कापसात गुंडाळून नेला. जाताना त्यांच्यातल्या वयस्करानं अण्णाला दोरी धरायला लावून हद्द दाखवली. रिंगणापासून इतक्या फुटांच्या आत मशीन नको, बाहेर पाहिजे ते पिकवा, लेखी पत्र येईल. पत्र फाल्गुनात आलं. आईनं मला हे सांगितलं तेव्हा मागं अण्णा खोकला.

त्याच रात्री जेवणाच्या वेळेला त्याचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"त्येच्या बापाचं काय झालं मग?"

"कुनाच्या?"

"त्या जपान्याच्या. काम गेलं म्हनालीस न्हवं. फुडं काय केलं त्यानं?"

मला ठाऊक नव्हतं. "इचारून सांग," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी पाहुण्याला मेल लिहिला. नुसता प्रश्न लिहून पाठवणं बरं दिसेना, म्हणून त्या दिवशी मी काय भाषांतर केलं होतं, गाडीत त्याला काय सांगितलं होतं आणि पुढं अण्णाच्या शेताचं काय झालं, ते आधी लिहिलं. तीन वेळा खोडलं. पाठवल्यावर दोन दिवस मी मेल उघडायला धजत नव्हते.

उत्तर छोटं होतं. तुम्ही हसलात तेव्हाच मला वाटलं होतं, असं त्यानं लिहिलं होतं. माझ्या वडिलांच्या गोष्टीत हसण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी मीही काही बोललो नाही. रस्त्याचं काम गेल्यावर वडिलांनी सफरचंदाची बाग धरली. आता ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या भावाबद्दल त्यांना सांगितलं. ते विचारतात, किती फूट जागा गेली?

खाली फोटो होता. गमबूट घातलेला एक ठेंगणा म्हातारा, झाडाला टेकवलेल्या शिडीशेजारी, कॅमेऱ्याकडं रागानं बघत.

मी फोटो आणि प्रश्न अण्णाला पाठवला. तासाभरानं त्यानं फूट कळवले, लांबी आणि रुंदी, दोन्ही. मी ते पुढं पाठवले. जपानहून म्हाताऱ्याचं उत्तर आलं, "माझा सबंध रस्ता गेला."

अण्णाला वाचून दाखवलं. ह्या वेळी एकेक शब्द, जसाच्या तसा. तो म्हणाला, "खरं हाय बाबा त्येचं," आणि मग, "शिमग्याला येतीस काय?" मी गेले. आईनं आम्हा दोघांना शेजारी शेजारी वाढलं. फार बोलणं झालं नाही, पण तो पानावरून उठून रानात गेला नाही.

आता वरच्या शेतात ऊस आहे, रिंगणाची जागा सोडून. मागच्या महिन्यात पंचायतीत तिथं फलक लावायचा विषय निघाला. एकजण म्हणाला, कानडीत लावा. दुसरा म्हणाला, मराठीत पण पायजे. तिसऱ्यानं इंग्रजीचं काढलं. आवाज चढले, जुनी भांडणं वर आली, खुर्ची सरकवून एकदोघं निघून गेले. अण्णा म्हणाला, दगडं मांडनारी मानसं ह्यातलं कायच बोलत नसतील, फलक नकोच. ते कुणालाच पटलं नाही. बैठक पुढच्या महिन्यावर गेली आहे. अण्णानं मला यायला सांगितलंय, पण नुसतं बसायचं, बोलायचं काम त्याचं, असं दोनदा बजावून.